चेहरा नसलेले कारस्थान : ‘काल्डोर सिटी’ या विज्ञानश्रुतिकांविषयी

राजकीय कारस्थानाचे नाटक रंगमंचावर पाहताना प्रेक्षकाला पात्रांहून थोडे अधिक कळत असते. पडद्याआडचा हेर त्याला दिसतो. मान डोलावणाऱ्याच्या डोळ्यांतला कावाही दिसतो. श्रुतिकेत ही सोय नाही. तिथे जो बोलत नाही, तो श्रोत्यापुरता नसतोच. मग केवळ आवाजावर कारस्थान उभे राहते ते कसे? या प्रश्नाचा विचार करताना मला ‘काल्डोर सिटी’ ही ब्रिटिश श्रुतिकामाला फार उपयोगी पडली.

तिचे मूळ १९७७ सालात आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेसाठी ख्रिस बाउचर यांनी ‘द रोबॉट्स ऑफ डेथ’ ही चार भागांची कथा लिहिली. वाळवंटात खनिज गोळा करत फिरणारे एक महाकाय यंत्र, त्यावर मोजकी माणसे आणि सेवेला अनेक यंत्रमानव. एकेक माणसाचा खून होऊ लागतो. यंत्रमानव खून करणे अशक्य, अशी सर्वांची श्रद्धा. पण टॅरेन कॅपेल नावाचा शास्त्रज्ञ त्यांच्याकडूनच ते करवून घेत असतो. पुढे बाउचर यांनी १९९९ साली ‘कॉर्प्स मार्कर’ ही कादंबरी लिहून या जगातले शहर उभे केले. त्याच शहरावर अ‍ॅलन स्टीव्हन्स यांच्या ‘मॅजिक बुलेट प्रॉडक्शन्स’ने २००१ ते २००४ या काळात श्रुतिकांची मालिका काढली.

या शहरात सत्ता आहे ती ‘कंपनी’ची आणि प्रतिष्ठा आहे ती मूळ वसाहतकारांच्या मोजक्या घराण्यांची. अशा घराण्यात न जन्मलेला उवानोव्ह कंपनीच्या सर्वोच्च पदावर बसला आहे, आणि लँडरचाइल्डसारख्या कुलीनांना ते खुपते. १९७७ साली पडद्यावर उवानोव्ह रंगवणारे रसेल हंटर यांनीच इथेही त्याला आवाज दिला. त्याच्या पदरी असलेल्या मारेकऱ्याचे नाव कास्टन इयागो. नावातच सूचना आहे : शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला, म्हणजे देवलांनी ‘झुंझारराव’ म्हणून मराठीत आणलेल्या नाटकातला, कान भरणारा इयागो. ही भूमिका ‘ब्लेक्स ७’मध्ये एव्हॉन साकारणाऱ्या पॉल डॅरो यांची. हा इयागो म्हणजेच एव्हॉन का, अशी शंका चाहत्यांना येते. पण एव्हॉन हे बाउचर यांचे पात्र नव्हे, त्यामुळे ते नाव इथे उच्चारता येत नाही. कारस्थानाच्या कथेला ही अडचण शोभूनच दिसते.

या सर्वांवर मात करणारे पात्र म्हणजे कार्नेल. तो मनोव्यूहतज्ज्ञ आहे. माणसाचा स्वभाव अभ्यासून तो पुढे काय करील, याचे गणित मांडणे हा त्याचा धंदा. बाउचर यांनी त्याला प्रथम ‘ब्लेक्स ७’च्या ‘वेपन’ या १९७९च्या भागात आणले. तिथे त्याची योजना फसते, कारण पळून जाणारा शास्त्रज्ञ सोबत एका गुलाम मुलीला नेईल, हे त्याच्या हिशेबात नसते.

कार्नेलविषयी विचार करताना मला विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ आठवते. चाणक्य राक्षसाच्या अंगठीची मोहोर उठवून एक बनावट पत्र तयार करवतो आणि मलयकेतूचा त्याच्यावरचा विश्वास उडवतो. पण शेवटचा डाव खोटेपणाचा नाही. चंदनदासाला वधस्तंभाकडे नेले की मित्रासाठी राक्षस शरण येणारच, हे चाणक्य जाणतो. म्हणजे तो राक्षसाला पकडतो ते त्याच्या सद्‌गुणात. कारस्थानाचे हे सर्वांत प्रगत रूप आहे : समोरच्याला फसवायचे नाही, त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे वागू द्यायचे. फरक इतकाच, की चाणक्याला राक्षस मंत्री म्हणून हवा आहे, कारण त्याची योग्यता त्याला मान्य आहे. कार्नेलला माणसे सोंगट्या म्हणून पुरतात.

इथे मूळ कथेतला एक तपशील महत्त्वाचा ठरतो. त्या जगात काही माणसांना यंत्रमानवांची विलक्षण भीती वाटते. कारण असे दिले आहे, की यंत्रमानव माणसासारखे दिसतात, बोलतात; पण त्यांना देहबोली नसते. ती नसल्यामुळे भोवती चालती प्रेते आहेत, असे त्या माणसांना वाटू लागते. आता श्रुतिका ऐकणाऱ्याची स्थिती पाहा. त्याला तर माणसांचीही देहबोली मिळत नाही. उवानोव्हचा राग खरा की नाटकी, इयागोचा थंडपणा निष्ठेचा की उदासीनतेचा, हे ठरवायला त्याच्याकडे फक्त आवाज आहे. पडद्यावर जी भीती एका पात्राला होती, ती श्रुतिकेत श्रोत्याच्या वाट्याला येते.

माझ्या मते या मालेचे मर्म इथेच आहे. टॅरेन कॅपेलला यंत्रमानवांना माणसांपासून मुक्त करायचे होते. त्याच्या मागे शहरात त्याचा पंथ निर्माण होतो, आणि शहर यंत्रांनाच भीत राहते. प्रत्यक्षात मात्र आज्ञा नकळत पाळतात ती माणसे. ज्याचे वर्तन अचूक वर्तवता येते, तो यंत्रमानवच झालेला असतो. आपली आवड, आपला राग, आपली भीती यांचा अंदाज बांधून मते आणि माल खपवणाऱ्या काळात हा मुद्दा नुसत्या कल्पनेतला राहिलेला नाही. कार्नेलचे गणित एकदा चुकले होते, ते एका माणसाने सोबत कोणाला तरी घेतले म्हणून. हिशेबात न बसणारी ती सोबत हाच कारस्थानावरचा एक उतारा दिसतो.