दागिना कुणी मोडला?

दरवर्षी २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती आली की शाळेत भाषण करायची पाळी माझीच असायची. त्यात लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची गोष्ट हमखास यायची. मुलं टाळ्या वाजवायची आणि मी घरी येऊन भाकऱ्यांना लागायची. पण मैत्रिणींनो, खरं सांगते, ही गोष्ट मला निवृत्त झाल्यावर कळली. तीही आईकडून.

आम्ही वाळवा तालुक्यातल्या. भाऊराव पाटलांचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुक आमच्याच तालुक्यात, सांगली जिल्ह्यात. जन्म मात्र १८८७ चा, कुंभोजचा. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या या माणसाने बहुजनांच्या पोरांना शिकवायचा ध्यास घेतला. त्यासाठी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. तिथल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ हे नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची. त्या काळात ही काय साधी गोष्ट होती?

अण्णा धान्य आणि देणग्या गोळा करत गावोगाव हिंडायचे. मागे चूल लक्ष्मीबाईंची. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या जैन घरातली ही बाई. सुरुवातीला तिला हे जड गेलं म्हणतात. पण पुढे तीच या पोरांची आई झाली. आजारी पोराच्या उशाशी बसली, अंगावरचं सोनं एकेक करून बोर्डिंगसाठी दिलं. आणि एकदा अण्णा बाहेरगावी असताना बोर्डिंगातलं धान्य संपलं, तेव्हा तिने गळ्यातलं मंगळसूत्रही मोडलं. रयतमध्ये ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

१९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचं एकही कॉलेज त्यांनी पाहिलं नाही. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते १९४७ मध्ये. अण्णा मागे एकोणतीस वर्षं राबत राहिले. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मेला ते गेले. पुढे २०२१ मध्ये साताऱ्यातली रयतची तीन कॉलेजं एकत्र करून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं.

ही बातमी मी आईला मोठ्या कौतुकाने सांगितली. ती शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, ‘‘आणि तिचं नाव?’’

‘‘सोलापूरला मुलींचं कॉलेज आहे की तिच्या नावाचं.’’

‘‘बरं झालं.’’ थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘दागिना मोडायला सोनाराकडं गेली, तवा कोण होतं गं तिच्यासंगं?’’

इतकी वर्षं भाषणं ठोकली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला काही उत्तर देता येईना.

‘‘मी एकलीच गेलते,’’ आई म्हणाली. ‘‘तुझ्या डी.एड.च्या फीला. सोनार म्हणाला, मालक कुठायत? म्हटलं, पाटल्या माझ्या हायत. माझ्या आईनं दिल्यात.’’

मी बघतच राहिले. फी वडिलांनी भरली असंच मी आजवर धरून चालले होते. पहिला पगार त्यांच्या हातावर ठेवला होता, पाया पडले होते. आई तेव्हा दारात उभी होती, हसत. वडील पैसे घेऊन माझ्याबरोबर आले होते हे खरं. पण ते कुठून आले हे दोघांनीही कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

‘‘त्याग’’ हा शब्द मी भाषणात किती सहज वापरायची! आईच्या तोंडी तो एकदाही आला नाही. तिच्या लेखी तो हिशेब होता. घरात सोनं होतं, पोरगी हुशार होती, आणि फीची तारीख जवळ आली होती. वाटतं, साताऱ्याच्या त्या माउलीनेही असाच हिशेब केला असेल. रिकामी कणगी, भुकेली पोरं आणि गळ्यातलं सोनं.

मी म्हटलं, ‘‘आई, चल, पाटल्या करू तुला.’’ तिने मनगटं पुढे केली. ‘‘या काड्यांवर पाटल्या? त्यापरीस कुणाच्या तरी पोरीची फी भर.’’

यंदा जूनमध्ये भरली. पावती आईकडेच दिली. तिने ती देवघरातल्या डब्यात ठेवली आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या शिक्षणासाठी घरातलं काय मोडलं होतं? आणि मोडायला कोण गेलं होतं? आई असेल तर आजच विचारा.