आधी ढीग, मग वाटणी : मुलांना भागाकार असा शिकवू या

खताची मात्रा किती, हे आम्ही कृषी खात्याची माणसं नेहमीच सांगतो. आज मात्र भागाकाराबद्दल लिहितो आहे. विषय शाळेचा आहे, पण चुकलं की नुकसान शेतात होतं.

गेल्या हंगामात एका गावी उसाचा प्लॉट पाहिला. अर्धा एकर तुकडा, ३६ सऱ्या. ४५ किलोची युरियाची एक गोणी सगळ्या सऱ्यांना सारखी टाका, असं सांगून आलो. पंधरा दिवसांनी गेलो तर ऊस पिवळट. दहावी झालेला तरुण मालक म्हणाला, "साहेब, सगळ्या सऱ्यांना टाकला, वर सोळा किलो उरला की!" त्यानं मोबाइलवर ४५ ला ३६ नं भागायचं सोडून ३६ ला ४५ नं भागलं होतं. उत्तर आलं ०.८, म्हणून सरीला आठशे ग्रॅम. किलो जास्त आणि सऱ्या कमी, तर सरीला किलोच्या वरच यायला हवं, एवढा अंदाज त्याला आला नाही.

ओट्यावर त्याची आजी बसली होती. ती म्हणाली, "अरं लेका, आधी नऊ ढीग घाल. एकेक ढीग चार सऱ्यांना." नऊ ढीग केले की ढिगाला पाच किलो. पाच किलो चार सऱ्यांत वाटले की सरीला सव्वा किलो. झाला हिशेब! आजीनं ३६ ची नऊ चोक अशी फोड केली. पुस्तकात ९ आणि ४ यांना ३६ चे विभाजक म्हणतात.

तिसरी-चौथीच्या मुलांना हीच रीत चिंचोक्यांनी शिकवता येते. ९६ चिंचोके २४ जणांत वाटायचे आहेत. २४ चा पाढा येत नसेल तर अडायचं कारण नाही. चार सक चोवीस. आधी ९६ चे चार ढीग करा, प्रत्येकी २४. मग प्रत्येक ढिगाचे सहा वाटे करा, प्रत्येकी ४. उत्तर ४. आधी सहा ढीग आणि मग चार वाटे केले तरी उत्तर तेच. ज्या संख्येनं सहज भाग जातो, तिनं सुरुवात करावी.

दोन ठिकाणी मुलं हमखास चुकतात. पहिली चूक, २४ म्हणजे २० आणि ४ असं धरून आधी २० नं आणि मग ४ नं भागतात. फोड गुणाकाराची हवी, बेरजेची चालत नाही.

दुसरी चूक बाकीची. समजा ३५० डाळिंबं आहेत. एका ओळीत ४ आणि खोक्यात ६ ओळी, म्हणजे खोक्याला २४. ३५० ला ४ नं भागलं की ८७ ओळी होतात आणि २ फळं सुटी राहतात. ८७ ओळींना ६ नं भागलं की १४ खोकी भरतात आणि ३ ओळी उरतात. मूल ३ आणि २ मिळवून बाकी ५ सांगतं. पण ३ ओळी म्हणजे १२ फळं, त्यात सुटी २, म्हणून खरी बाकी १४. खोकं समोर ठेवून दाखवलं की मूल हे विसरत नाही.

ही रीत सगळीकडे चालत नाही, हेही सांगावं. २३ किंवा २९ ची अशी फोड होत नाही. तिथं नेहमीचा भागाकारच करावा लागतो, तेव्हा तोही यायलाच हवा.

सरपंच आणि ग्रामसेवकांना विनंती, की शाळा व्यवस्थापन समितीत इमारतीबरोबर गणिताचीही चौकशी करा. गुरुजींनी खत टाकायच्या दिवसांत मुलांना एकदा बांधावर आणावं. आणि आईबापांनी गोणी फोडण्याआधी पोराला किंवा पोरीला विचारावं, "सांग बघू, सरीला किती?" मोबाइल नंतर काढा, ताळा करायला. त्या तरुणानं उरलेला युरिया मोजून सगळ्या सऱ्यांना टाकला. या वेळी आधी ढीग घातले होते.