परतलेल्याची जबानी

अकोल्यास प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचे देवस्थान आहे, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेस तेथे जमणाऱ्या भाविकांपैकी बहुतेकांस, अगस्तींनी प्रभू रामचंद्रांस रावणवधासाठी बाण दिला तो येथेच, ही कथा लहानपणापासून मुखोद्गत असते. रामायणात याच ऋषींनी केलेले दुसरे एक काम मात्र, जे माझ्या मते बाण देण्याहून तिळमात्र कमी मोलाचे नाही, फारसे कोणी सांगत नाही. वनवास आणि युद्ध संपवून राम अयोध्येस परतला, त्यास राज्याभिषेक झाला, आणि मग उत्तरकांडाच्या आरंभी अगस्ती त्याच्या सभेत येतात व ज्या रावणास त्याने स्वहस्ते मारले त्याचीच कुळकथा त्यास मुळापासून ऐकवतात. एवढेच नव्हे, तर जो हनुमान आयुष्यभर त्याच्या सेवेत राहिला त्यास ऋषींच्या शापामुळे स्वतःच्याच बळाचा विसर कसा पडला होता, हेही तेच उलगडून सांगतात. पुढे याच रामास स्वतःचे चरित्र कुश आणि लव या अनोळखी वाटणाऱ्या दोन मुलांच्या तोंडून ऐकावे लागते, आणि त्या गायनातूनच ती मुले आपली आहेत हे त्यास उमगते.

घरी परतलेल्या माणसाची ओळख कथेने पटावी, ही कल्पना ज्या दुसऱ्या एका महाकाव्याचा प्राण आहे ते म्हणजे होमरच्या नावावर चालत आलेले ग्रीकांचे 'ओडिसी'. इसवी सनापूर्वी सुमारे आठव्या शतकात आकारास आलेले हे काव्य चोवीस सर्गांचे असून त्यात बारा हजारांवर ओळी आहेत; परंतु ओडिसियस आपल्या इथाका बेटाच्या किनाऱ्यास लागतो तो तेराव्या सर्गात, म्हणजे कथा निम्मी संपल्यावर. दहा वर्षे ट्रॉयचे युद्ध आणि दहा वर्षे समुद्रावरची वणवण सोसून आलेल्या या राजास स्वभूमीवर पाय ठेवल्यानंतर आणखी निम्मे काव्य कशासाठी लागावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर असे की, प्रवास गलबताने संपतो, पण परतणे मात्र ज्यांच्याकडे परतायचे त्यांनी ओळखल्याखेरीज पुरे होत नाही. आणि ओळख म्हणजे रुजुवात, जबानी, शाहिदी हे सारे आलेच.

हा ओडिसियस सत्यवचनी मुळीच नव्हे. एकाक्ष राक्षसाच्या गुहेत तो आपले नाव 'कोणी नाही' असे सांगतो व त्यायोगे जीव वाचवतो. इथाकेस आल्यावर अथीना देवीपासून डुकरे राखणाऱ्या युमेयसपर्यंत आणि खुद्द पत्नी पेनेलपीपर्यंत जो भेटेल त्यास आपण क्रीट बेटावरचे आहोत अशी एकाहून एक रसाळ खोटी हकीकत रचून सांगतो. ती ऐकून देवी रागावत नाही, उलट कौतुकाने हसते, हा ग्रीकांचा मोकळेपणा आपल्या मर्यादापुरुषोत्तमाच्या भक्तांस थोडा खुपेल खरा. पण अल्किनूस राजाच्या सभेत डेमोडोकस नावाचा अंध गायक ट्रॉयच्या लाकडी घोड्याचे आख्यान गाऊ लागतो तेव्हा हाच पटाईत माणूस रडू आवरू शकत नाही, राजा त्याचे नाव विचारतो, आणि मग नवव्यापासून बाराव्यापर्यंतचे चार सर्ग तो स्वतः आपली कर्मकथा सांगत बसतो.

ओळखीच्या खुणांची योजना तर इतकी कसून केलेली आहे की, एखाद्या जुन्या वतनाच्या वादाचा महजर वाचीत आहोत असा भास व्हावा. म्हातारा कुत्रा आर्गोस वीस वर्षांनी धन्यास ओळखतो आणि प्राण सोडतो. दाई युरिक्लिया भिकाऱ्याचे पाय धुताना मांडीजवळचा, तरुणपणी रानडुकराच्या सुळ्याने झालेला व्रण हाताने चाचपते आणि ओळखते. पेनेलपी मात्र व्रणावर विसंबत नाही. ती पलंग खोलीबाहेर हलवण्याचा सहज हुकूम सोडते, आणि हा पलंग हलणार कसा, तो मीच मुळे रोवलेल्या जैतुनाच्या बुंध्यात कोरला आहे, असे ओडिसियस संतापून बोलतो तेव्हाच तिची खात्री पटते. अखेर वृद्ध पित्यास तो लहानपणी बापाने आपल्यास दिलेली झाडे मोजून दाखवतो: नासपतीची तेरा, सफरचंदाची दहा, अंजिराची चाळीस, आणि द्राक्षवेलींच्या पन्नास ओळी. राजपुत्राने राज्याचा नव्हे तर बागेतल्या झाडांचा दाखला द्यावा, यात मला तरी या काव्याची सारी थोरवी दिसते.

ओळख वेळेआधी पटली तर ती प्राणघातक ठरते, हेही होमरला ठाऊक आहे. दाई हर्षाने ओरडणार एवढ्यात ओडिसियस तिचा गळा धरतो, कारण घरात पेनेलपीशी विवाह करू पाहणारे 108 जण ठाण मांडून बसलेले असतात. आमच्या अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे इंग्रज सरकारविरुद्ध बंड करून वर्षानुवर्षे डोंगरांच्या आश्रयाने राहिले, आणि वेष पालटून पंढरपुरास गेले असता 1848 च्या आरंभी पकडले गेले. त्यांचे परतणे झालेच नाही, 2 मे 1848 रोजी त्यांस ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले.

पण मराठी इतिहासात 'ओडिसी'शी खरोखर ताडून पाहावे असे प्रकरण पानिपतानंतरचे आहे. 14 जानेवारी 1761 च्या संग्रामात सदाशिवरावभाऊ पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने आपल्या फारसी वृत्तान्तात लिहिले आहे की, रणात सापडलेले एक शिरविहीन धड भाऊसाहेबांचेच, असे अंगावरच्या खुणांवरून ठरवले गेले, आणि त्या खुणांपैकी एक म्हणजे मुजफरखान गारद्याने पूर्वी केलेल्या हल्ल्यात पाठीवर उरलेला व्रण. इथाकेत व्रणाने जिवंत माणूस ओळखला, पानिपतावर व्रणाने प्रेत. तरीही महाराष्ट्राच्या मनाने तो पुरावा मान्य केला नाही. ज्याचे मरण मानवत नाही त्याच्या परतण्याची वाट पाहणे लोकांस सोपे जाते, आणि अशा वाट पाहण्यातच तोतयास जागा मिळते.

काही वर्षांतच उत्तरेत एक मनुष्य आपण भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला. चौकशीअंती तो सुखलाल नावाचा कनोजा ब्राह्मण ठरला व कैदेत पडला. परंतु 1776 साली रत्नागिरीच्या मामलेदारानेच त्यास सोडवून त्याचा पक्ष घेतला, बघता बघता कोकणचा बराच मुलूख त्याच्या हाती गेला आणि भोवती मोठी फौज जमली. महादजी शिंद्यांच्या फौजेने पाठ घेतल्यावर तो समुद्राकडे पळाला आणि आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा पंच बसले, रामशास्त्री प्रभुण्यांसारखे न्यायाधीश त्यांत होते, भाऊसाहेबांस जवळून ओळखणारी माणसे समोर आणली गेली, आणि त्याच वर्षाअखेर त्यास देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी 1913 मध्ये 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले ते याच घटनेवर.

या सुखलालाचे सामर्थ्य काय होते? दरबाराची, लढायांची, चारचौघांस ठाऊक असलेली हकीकत त्यास सांगता येत होती, आणि मुलूख जिंकण्यास ती पुरली. घरात शिरण्यास ती पुरेना. ओडिसियसही खोट्या कथा सांगतो, तोतयाही सांगतो. भेद इतकाच की एकाजवळ शेवटी पलंगाची आणि झाडांची खूण होती, दुसऱ्याजवळ ती असण्याचा संभवच नव्हता. ज्या गोष्टी गाजतात त्या कोणासही पाठ करता येतात, हे होमरने नेमके ओळखले होते, म्हणून त्याने निर्णायक पुरावा म्हणून ट्रॉयचा विजय कोठेच वापरलेला नाही.

आणि पेनेलपी? भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावर स्वतः हजर होत्या, त्या दारुण पराभवातून सुटून त्या पुण्यास आल्या, आणि पतीचे निधन मान्य न करता त्यांनी अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे अंगावर ठेवली. तोतयाचा निकाल लागला तरी त्यांचा निश्चय ढळला नाही. पानिपतानंतर बावीस वर्षांनी, 1783 साली त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांचे आणि भाऊसाहेबांचे उत्तरकार्य एकत्रच करण्यात आले.