वीतभर अंतर

सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लुकोमीटर आणि थर्मामीटरवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, दिवाळीआधी ऑनलाइन सेल लागतात, आणि २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो. सुरत-बारडोलीकडे कामाला असलेला मुलगा दिवाळीला आमच्या चिंचपाडा गावच्या स्टेशनावर उतरेल तेव्हा त्याच्या पिशवीत आई-वडिलांसाठी बीपीचं मशीन नाहीतर स्मार्ट घड्याळ असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. प्रश्न आहे तो ज्या घरांत वडिलांना आधीच ‘बॅटरी बसवली’ आहे त्यांचा. पेसमेकरला आपल्याकडे असंच म्हणतात, आणि ते फारसं चूकही नाही.

अशा घरांना घाबरवणारी एक बातमी अधूनमधून मोबाइलवर येते: स्मार्ट घड्याळं, अंगठ्या पेसमेकर बिघडवतात. तिचं मूळ २०२३ सालच्या, अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधनात आहे. अंगातली चरबी मोजणारी घड्याळं आणि वजनकाटे कातडीतून अगदी क्षीण वीज सोडतात. ती पेसमेकरला हृदयाचा ठोका वाटली, तर ‘हृदय आपलं आपण चाललंय’ असं समजून तो गप्प बसेल. आयसीडी, म्हणजे शॉक देणारं मशीन, उलट विनाकारण शॉक देईल. पण हे सगळं संगणकावर आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर दिसलं, माणसात नव्हे. तातडीचा धोका नाही, असं खुद्द संशोधकांनीच म्हटलं होतं. त्याआधी जिनिव्हात आयसीडीच्या रुग्णांची अशीच चरबी मोजली, तेव्हा काहीही बिघडलं नव्हतं. तरी काट्याच्या कागदावर ‘पेसमेकर असल्यास वापरू नये’ असं छापलेलं असेल तर ते ऐकावं. वजन साध्या काट्यावरही कळतं.

मला धास्ती आहे ती वेगळ्याच वस्तूची: चुंबकाच्या गादीची. घरगुती बैठका घेऊन, ओळखीपाळखीतून, गुडघेदुखीपासून बीपीपर्यंत सगळ्यावर इलाज म्हणून ती विकली जाते. घड्याळाची निदान बातमी तरी होते, गादीची होत नाही.

पेसमेकरमध्ये मुद्दामच अशी सोय असते, की छातीवर चुंबक ठेवलं की त्याची वागणूक बदलते. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर तिचा उपयोग करून घेतात. चुंबक जवळ आलं की पेसमेकर हृदयाचं ऐकणं सोडतो आणि मिनिटाला ८५, १०० अशा, कंपनीने ठरवलेल्या गतीने ठोके देत राहतो. आयसीडी तर शॉक देणंच थांबवतो, म्हणजे ज्यासाठी बसवला तेच काम. चुंबक दूर केलं की सहसा दोन्ही ताळ्यावर येतात. एवढं व्हायला चुंबकाचा साधारण १० गॉस इतका जोर पुरतो. गादीवाले हजारांत गॉस सांगतात. त्यातली निम्मी बढाई धरली, तरी पालथं झोपणाऱ्याने किंवा चुंबकाची उशी छातीशी धरणाऱ्याने काय समजायचं?

२०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या गुरजित सिंग आणि सहकाऱ्यांनी आयफोन १२ एका रुग्णाच्या छातीजवळ नेला. आयसीडीचं शॉक देण्याचं काम तत्क्षणी थांबलं आणि फोन तिथे होता तोवर थांबलेलंच राहिलं. फोनच्या पाठीतल्या चुंबकांची ही करामत. मग फोनच्या कंपनीनेच सांगितलं, १५ सेंटिमीटर दूर ठेवा, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३०.

१५ सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, म्हणून वायरलेस चार्जिंग चालू नसेल तर मोबाइलला वीतभर अंतर पुरतं. इंडक्शनच्या शेगडीसाठी ६० सेंटिमीटर सांगतात, म्हणजे जवळपास दीड हात. फूटपट्टी शोधायला नको. ग्लुकोमीटर, थर्मामीटर, दंडाचं बीपी मशीन बिनधास्त वापरा. कंबरदुखीवर विजेचे झटके देणारं छोटं ‘फिजिओ’ मशीन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. त्याची वीज घड्याळापेक्षा कितीतरी जास्त.

करोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर पेसमेकरला काही करत नाही, पण माणसाला घाबरवतो. मधले जादा ठोके अशक्त असले की ते बोटापर्यंत पोहोचत नाहीत. मग पडद्यावर ४२ दिसतं आणि ‘बॅटरी संपली’ म्हणून घरात रडारड, प्रत्यक्षात ठोके ८४ पडत असतात. चक्कर नसेल तर दोन बोटांनी मनगट धरून आधी पूर्ण मिनिट मोजा. मनगटावरही कमीच भरले, तर ईसीजी काढल्याशिवाय खरं काय ते कळत नाही. चक्कर असेल, घेरी आली, तर मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

चिंचपाडा ख्रिश्चन हॉस्पिटल गावातच आहे. पण पेसमेकर आतून तपासायला त्याच कंपनीचं प्रोग्रामर यंत्र लागतं, आणि त्यासाठी बहुतेकदा तो जिथे बसवला त्या शहराची गाडी पकडावी लागते. निघताना पेसमेकरचं कार्ड आणि घरातल्या ज्या उपकरणाची शंका आहे त्याचं नाव, दोन्ही बरोबर घ्या.

राहिला मोबाइल ठेवायचा शर्टाचा खिसा. शिंपी तो डावीकडेच लावतात, आणि पेसमेकरही बहुतेकदा डावीकडेच, गळ्याखालच्या हाडाजवळ बसवतात. दिवाळीचे कपडे शिवायला टाकाल तेव्हा वडिलांच्या शर्टाला तो खिसा लावूच नको म्हणावं.