रक्तगट बदलतो तेव्हा

आपला रक्तगट जन्मभर एकच राहतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण समजा, एका मुलीचा रक्तगट 'ए' होता आणि काही महिन्यांनी तो तिच्या भावाप्रमाणे 'ओ' झाला, तर? ही जादू नव्हे. मूलपेशींच्या रोपणानंतर असे खरोखर घडते.

आपले रक्त हाडांच्या पोकळीतील मऊ अस्थिमज्जेत तयार होते. तेथील मूलपेशी म्हणजे जणू रक्ताचे बियाणे! त्यांच्यापासून तांबड्या पेशी, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या बिंबिका बनतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर बिंबिका आठ-दहा दिवस. म्हणून हा कारखाना अखंड चालावा लागतो.

तीव्र रक्तकर्करोगात अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढून मज्जेतील जागा बळकावतात. औषधांनी त्या मरतात. परंतु काही रुग्णांत थोड्या लपून राहतात व रोग उलटतो. औषधाची मात्रा फार वाढवली, तर चांगली मज्जाही नष्ट होते. मग करावे काय?

हरळी माजलेले शेत शेतकरी खोल नांगरतो आणि नवे बी पेरतो. डॉक्टरही तेच करतात. प्रखर औषधे व कधी किरणोपचार देऊन ते मज्जा रिकामी करतात आणि दात्याच्या मूलपेशी रोग्याच्या शिरेत सोडतात. रक्ताबरोबर फिरत त्या आपण होऊन मज्जेत पोहोचतात व रुजतात! याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर साधा जंतूही जिवावर बेतू शकतो.

दाता मात्र जुळणारा हवा. सख्ख्या भावंडाशी ऊती पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. रक्तगट वेगळा असला तरी चालतो. गंमत अशी, की एकसारख्या जुळ्या भावंडाच्या पेशी तंतोतंत जुळतात, तरीही अशा रोपणानंतर रोग उलटण्याचा संभव अधिक असतो. कारण इतर दात्यांच्या पांढऱ्या पेशी उरलेल्या कर्कपेशींना परक्या समजून मारतात. जुळ्याच्या पेशींना त्या परक्या वाटतच नाहीत. हे शस्त्र दुधारी आहे. दात्याच्या पेशी रोग्याच्या त्वचेवर, यकृतावर आणि आतड्यांवरही हल्ला करू शकतात.

अमेरिकेतील डॉ. डोनाल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांवरील मज्जारोपणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतला एकही वाचला नाही. तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात असे रोपण १९८३ साली झाले. आजही प्रत्येक रोगी बरा होत नाही. पण ज्यांना दुसरा उपाय उरला नव्हता, असे अनेकजण या उपचाराने जगले आहेत.

आता सांगा पाहू, त्या मुलीचा रक्तगट का बदलला?