पायलटचे आकडे कुठे जातात?

क्रमाचा परिणाम आणि लॅटिन चौरस आज घेणार होतो. ते आता पुढच्या आठवड्यावर, कारण मध्ये एका एम.ए.च्या विद्यार्थिनीचं पत्र आलं. लघुप्रबंधासाठी तिने दहा जणांवर पायलट, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी, केला, त्यावरून दोन सूचना बदलल्या आणि आता मुख्य अभ्यासाला माणसं कमी पडताहेत. ते दहा जण मोजणीत धरले तर चालतील का, असं ती विचारते.

नाही चालणार. एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण पायलटचा विषय निघाला की मला मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम आठवतो आणि मग आवरत नाही.

विजेच्या झटक्यांचा त्याचा प्रयोग तुम्हाला ठाऊकच आहे. प्रयोगकर्त्याच्या हुकमावरून चुकीच्या प्रत्येक उत्तराला १५ व्होल्टची एकेक पायरी चढत ४५० पर्यंत जाणारा ‘शिक्षक’ आणि झटके बसल्याचं सोंग करणारा ‘विद्यार्थी’. पाठ्यपुस्तकं थेट निकालावर उडी मारतात. मला मात्र त्याआधीचा, १९६० सालच्या हिवाळ्यातला पायलट जास्त मोलाचा वाटतो.

मिलग्रॅम तेव्हा येल विद्यापीठात नुकताच रुजू झाला होता. पायलटसाठी त्याने तिथलीच मुलं बसवली. ‘विद्यार्थी’ काचेपलीकडे अंधूक दिसायचा, पण तक्रारीचा एक शब्द काढायचा नाही. झालं काय, तर हुकूम मिळाला की जवळजवळ प्रत्येक जण बिनदिक्कत शेवटच्या बटणापर्यंत गेला. यंत्रावर धोक्याच्या पाट्या लिहिलेल्या होत्या. त्यांचं कोणाला काही नाही.

सनसनाटीच हवी असती तर एवढ्यावर भागलं असतं. मिलग्रॅमला मात्र ही अडचण वाटली, आणि माझ्या मते त्याची खरी हुशारी इथे आहे. ज्या पेपरात सगळ्यांनाच पैकीच्या पैकी पडतात, त्यावरून कोण पुढे, कोण मागे हे ठरत नाही. आज्ञापालन कशाने वाढतं, कशाने घटतं हे बघायचं तर काही जणांनी मध्येच उठायला हवं. म्हणून त्याने ‘विद्यार्थ्या’ला तक्रार करायला लावलं. सौम्य कुरकुर पुरेना, तेव्हा विरोध आणखी वाढवला.

१९६३ साली छापून आलेल्या पहिल्या प्रयोगात ३०० व्होल्टला पलीकडून भिंतीवर ठोसे ऐकू येतात. ४० पैकी २६ जण शेवटपर्यंत गेले, हे सगळे सांगतात. उरलेले १४ कुठे थांबले ते मात्र कोणी सांगत नाही. ३०० च्या आधी एकही थांबला नाही, आणि ३०० वर पाच जण थांबले. भिंतीवरचे ठोसे म्हणजे नाटकाची सजावट नव्हती. आराखड्यातला तो कामाचा भाग होता, आणि त्याची गरज पायलटने दाखवली होती.

त्याच पायलटमध्ये आणखी एक गोष्ट नजरेस आली. काचेपलीकडचा माणूस दिसू नये म्हणून मुलं मान वळवत होती. हात मात्र चालूच. म्हणजे समोरचा किती जवळ आहे, याने फरक पडत असावा. त्यातून चार मांडण्या निघाल्या: पलीकडच्या खोलीत फक्त ठोसे, आवाज ऐकू येणारा, त्याच खोलीत बसलेला, आणि शेवटची, ज्यात त्याचा हात धरून झटक्याच्या पट्टीवर दाबायचा. प्रत्येकीत ४० माणसं. शेवटपर्यंत जाणारे अनुक्रमे २६, २५, १६ आणि १२. किंचाळ्या ऐकू आल्याने एकच माणूस कमी झाला, याचं मला अजून नवल वाटतं.

येलची मुलं मुख्य प्रयोगात घेतलीच नाहीत. कॅम्पसवर बातमी फुटायची भीती होती, शिवाय ती मुलं स्पर्धेखोर, आक्रमक, त्यांच्यावरून सामान्य माणसाबद्दल काय कळणार, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं. मग न्यू हेवनच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन वीस ते पन्नास वयाचे पुरुष साडेचार डॉलरवर बोलावले.

तर पत्रातले ते दहा जण. सूचना बदलल्यावर त्यांनी दिलेली परीक्षा वेगळी झाली, म्हणून ते बाद. समजा काहीच बदललं नसतं, तरी आकडे बघून झाल्यावर ‘धरू या का’ हा प्रश्न विचारायचा नसतो. मनासारखे आले असतील तर धरावेसे वाटतात, नसतील तर तो ‘नुसता पायलट’ ठरतो. हे आधीच लिहून ठेवायचं. आणि त्या दहा जणांत दिसलेल्या फरकावरून मुख्य अभ्यासाला किती माणसं लागतील याचं गणितही मांडू नये. इतक्या थोड्या माणसांत दोन जण वेगळे निघाले की आकडा कुठल्या कुठे जातो. सूचना कळतात का, वेळ पुरतो का, मधेच कंटाळा येतो का, हे त्यांच्याकडून कळलं. त्यांचं काम झालं.

मिलग्रॅमच्या एकाच माणसाला दोन मांडण्यांत बसवता आलं नसतं, कारण एकदा सोंग कळलं की संपलं. एकाच माणसाला अनेक मांडण्यांत बसवताना त्यांचा क्रम फिरवायला लागणाऱ्या लॅटिन चौरसाचा तिथे उपयोग नाही. जिथे आहे, ते पुढच्या आठवड्यात. मध्ये आणखी एखादं असं पत्र आलं नाही तर.