उष्णतासेतू

उष्णतासेतू (थर्मल ब्रिज) म्हणजे बांधकामातला असा भाग, ज्यातून उष्णता शेजारच्या भागापेक्षा सहज बाहेर जाते. उदाहरणार्थ, गरम चहाचा जाड मग हाताला भाजत नाही. त्यातला स्टीलचा चमचा मात्र चटका देतो.

ब्रिटनमधील व्हिक्टोरियाकालीन रो-हाउसच्या भिंती बहुधा ९ इंची, भरीव विटांच्या असतात. अशा घराच्या मागे खोली वाढवताना उष्णतारोधक थर (इन्सुलेशन) जाड केला की पुरे, असा समज आहे. प्रत्यक्षात जाडीइतकेच अखंडत्व महत्त्वाचे. पोलादी तुळई, जुन्या-नव्या भिंतींचा सांधा आणि जमिनीलगतचा कोपरा येथे थर तुटला, तर उष्णता निसटते आणि थंड पृष्ठभागावर बाष्प जमून बुरशी धरते. म्हणून छेदचित्रात जमीन, भिंत आणि छप्पर यांतून रोधकाची रेघ सलग ओढता यायला हवी.